ब्लश-हायलाइटरचा सेट घेताना

माझा पहिला सेट मी डबी बघून घेतला. आतला ब्लश, म्हणजे गालांना लावायची लाली, फिकट बेबी पिंक. माझ्या सावळ्या गालांवर तो राख फासल्यासारखा दिसायचा! सावळ्या रंगाला विटकरी, गडद गुलाबी, जांभळट छटा खुलतात. डबीत भडक वाटल्या तरी घाबरू नका. गोऱ्या रंगाला पीच किंवा हलका गुलाबी पुरतो.

छटा मनगटावर नाही, गालावर लावून बघा, आणि आरसा घेऊन उजेडात या. दुकानातले दिवे फसवतात.

हायलाइटर म्हणजे चेहऱ्याला चमक देणारा; त्याची खरी परीक्षा चमकेत आहे. बोटावर घेऊन चोळा. कण सुटे दिसले तर तो चेहऱ्यावर चमकीच वाटणार; ओलसर तकाकी दिसली तर घ्या. सावळ्या त्वचेला सोनेरी किंवा तांबूस, चंदेरी शक्यतो नको. गालावर रंध्रं मोठी असतील तर तिथे हायलाइटर जपूनच, कारण चमक ती लपवत नाही, उठवते.

त्वचा कोरडी असेल तर क्रीम, तेलकट असेल तर पावडर. दोन्ही वापरायचं तर आधी क्रीम, मग पावडर. उलट केलंत की थर गोळा होतो.

वेष्टनावरच्या उघड्या डबीच्या चिन्हात १२ किंवा २४ आकडा असतो: उघडल्यावर तितकेच महिने वापरायचं. म्हणून सहा छटांचा मोठा सेट मी घेतच नाही. वापरते दोनच.