पटकथा घेऊन बाहेर पडण्याआधी या चुका टाळा

‘कल्पना एकदम जबरदस्त आहे, पण सांगायची भीती वाटते. कुणी ढापली तर?’ पटकथालेखक व्हायचंय म्हणणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. लिहिली का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘डोक्यात सगळी तयार आहे.’

गडबड इथेच आहे. डोक्यातली पटकथा कुणी वाचू शकत नाही आणि कायदाही तिला वाचवू शकत नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या लिहिलेल्या मांडणीला मिळतो. जुळ्या भावांपैकी एक चोर आणि एक पोलीस, ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. त्या दोघांवर तुम्ही लिहिलेले साठ प्रसंग मात्र तुमचे. १८८६च्या बर्न करारातल्या देशांत हा हक्क नोंदणीशिवायच मिळतो. तरीही लेखकांच्या संघटनेकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करून ठेवा, वाद झालाच तर तारखेचा पुरावा हाताशी राहतो. स्वतःलाच पोस्टाने बंद पाकीट पाठवून ते न फोडता जपण्याचा जुना उपाय सोडून द्या. उघडं पाकीटही पोस्टातून येतं आणि नंतर चिकटवता येतं. त्यापेक्षा निर्मात्याबरोबर बैठक झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाका: आज अमुक पटकथा ऐकवली, ड्राफ्ट सोबत जोडलाय, वेळ दिल्याबद्दल आभार.

‘वाचून कळवतो’ म्हणाले आणि कळवलंच नाही

बऱ्याचदा दोष गोष्टीत नसतो, पानात असतो. पटकथा ही वाचून कौतुक करायची वस्तू नाही. उद्या तिच्यावरून कुणीतरी लोकेशन शोधणार आहे, कुणी पात्रांचे कपडे ठरवणार आहे, कुणी दिवसांचा हिशेब मांडणार आहे. इंग्रजी पटकथा कुरिअर फाँटमध्ये, १२ पॉइंटात लिहितात ती हौस म्हणून नव्हे. त्या फाँटात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं, त्यामुळे पानावरचा मजकूर प्रमाणात राहतो आणि एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट हा अंदाज जमतो. शूटिंगचं वेळापत्रक लावणारा सहायक दिग्दर्शक तर पानाचे आठ भाग पाडतो. ‘सीन १४, तीन अष्टमांश’ अशी त्याची भाषा. तुम्ही फाँट बारीक करून, समास चोरून १४० पानं ११५ मध्ये कोंबलीत, तर ही चलाखी सगळ्यात आधी त्याला कळते. देवनागरीत अक्षरांचं गणित वेगळं पडतं, तिथे पानांवर विसंबू नका. सीन मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा.

यापेक्षा मोठा घोटाळा पानावरच्या वाक्यांत असतो. हे पाहा:

‘आत. स्वयंपाकघर. रात्र. सुमन ओट्याशी उभी आहे. या घरात बारा वर्षं राबूनही आपलं इथे काहीच नाही, असं तिला वाटत असतं.’

कॅमेरा कशाकडे रोखायचा? बारा वर्षं दिसत नाहीत, ‘वाटत असतं’ तर त्याहून नाही. तेच असं लिहून पाहा:

‘आत. स्वयंपाकघर. रात्र. टेबलाशी नवरा आणि दोन मुलं जेवतायत. चौथ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. सुमन ओट्याशी उभ्या उभ्या जेवतेय. कुणाचीच मान वर होत नाही.’

शब्द फारसे वाढले नाहीत, पण आता कलादिग्दर्शकाला खुर्ची कळली आणि नटीला उभं राहायची जागा.

संवादांतही हाच आजार. ‘तू माझा सख्खा मोठा भाऊ, पाच वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हापासून घर तूच सांभाळतोयस.’ दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट ते एकमेकांना का सांगतील? प्रेक्षकाला कळावं म्हणून, आणि प्रेक्षकाला हे लगेच जाणवतं. त्यांना भांडायला काहीतरी द्या. ‘बाबा असते तर सहीला तुला बोलावलंच नसतं.’ एका टोमण्यात बाप गेल्याचं कळलं, कागदपत्रांचा मामला कळला आणि दोघांचं जमत नाही हेही.

मध्यावर गाडी रुतते

पन्नासाव्या पानाशी अडकलात तर एकावन्नावं पान खरवडत बसू नका, दहावं उघडा. नायकाला नेमकं काय हवंय हे तिथे ठरलेलं नसतं, म्हणून पुढे त्याला अडवायलाच कुणी सापडत नाही. मी हे पहिल्या नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला तोंडी गोष्ट ऐकवताना, शिकलो. पाऊण तास पार्श्वभूमी, बालपण, पाऊस असं सगळं रंगवून सांगितलं. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘छान. पण त्याला हवंय काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आधी एका वाक्यात लिहून बघतो: कोण, त्याला काय हवंय, आडवं कोण येतंय. वाक्य जमलं नाही तर बाहेर पडतच नाही.

नोट्स, म्हणजे पटकथा वाचणाऱ्यांच्या सूचना, मिळाल्या की दोन टोकं दिसतात. कुणी प्रत्येक नोटवर वाद घालतं, कुणी सांगितलेलं सगळं निमूट करतं. ‘हा सीन लांब वाटतो’ म्हणणाऱ्याला कंटाळा आला हे खरं धरा, पण कारण तोच सीन असेल असं नाही. पुष्कळदा आधीच्या दोन सीनमध्ये तीच माहिती येऊन गेलेली असते. उपाय आपला आपण शोधावा.

आणि हो, एकच पटकथा घेऊन फिरू नका. पहिली आवडली की पुढचा प्रश्न ‘आणखी काय आहे?’ हा असतो. आवडत्या कादंबरीवर हक्क न घेता पटकथा लिहिणं हीसुद्धा वाया जाणारी मेहनत आहे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे किमान ५० वर्षं टिकतो, अनेक देशांत ७०. आधी परवानगी, मग पहिला सीन.

सहीची वेळ

इतके दिवस वाट पाहिल्यावर समोर करार आला की हात आपोआप पेनकडे जातो. थांबा. एकदा हक्क कायमचे दिलेत की विषय संपला. ऑप्शन दिलात तर निर्मात्याला ठराविक मुदतीपुरती, थोड्या पैशांत पटकथा राखून ठेवता येते, सिनेमा उभा राहिला नाही तर पटकथा तुमच्याकडे परत. त्यासाठी मुदतीची तारीख कागदावर हवी, ‘बघू नंतर’ चालत नाही. श्रेय कथा, पटकथा, संवाद यांपैकी कशाचं, तेही शब्दांत लिहून घ्या.

हप्त्यांकडे मात्र बारकाईने बघा. सहीला काही, पहिल्या ड्राफ्टला काही, अंतिम ड्राफ्टला काही, इथपर्यंत ठीक. मोठा हप्ता प्रदर्शनाच्या दिवसाला बांधलेला असेल तर तो बदलून मागा, कारण तयार सिनेमेही वर्षानुवर्षं डब्यात राहतात आणि त्यात लेखकाचा काही दोष नसतो. किती ड्राफ्ट त्या रकमेत, हेही लिहा. दोन म्हटलं असेल तर तिसऱ्याचे वेगळे पैसे मागायला लाजू नका. आकडा लिहिलाच नसेल तर सातवाही फुकटच लिहावा लागेल.