प्रोस्टेटच्या उपचारांनंतर घर, बाजार आणि एसटी: एका निवृत्त कंडक्टरची टिपणं

मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा विभागात. प्रोस्टेटच्या (पुरुषांत लघवीच्या पिशवीखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी मला रेडिएशन आणि हार्मोनची इंजेक्शनं मिळाली. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरचं त्याच आजारासाठी प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन झालं. त्यामुळे दोन्हीकडचं बऱ्यापैकी ठाऊक आहे. कुठला उपचार घ्यावा यात मी पडणार नाही. ते पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी), ग्लीसन स्कोअर (तपासायला काढलेल्या तुकड्यात कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) आणि स्कॅन बघून डॉक्टरच ठरवतात. मी सांगणार आहे ते नंतरचं: लघवी, वाफा (अंगात अचानक उकळी चढणं), हाडं, आणि ज्याबद्दल पारावर कुणी बोलत नाही ते.

आधी एक वही करा. कंडक्टर जसा वेबिल भरतो तशी ती भरायची: जिथलं तिथं, जेव्हाचं तेव्हा. रात्री किती वेळा उठलो, पॅड किती बदलले, वाफा कधी आल्या, पोट कसं आहे, कुठं दुखतंय. ओपीडीत "कसं आहे?" "बरं आहे" एवढ्यातच आपली पाळी संपते. वही पुढे केली की डॉक्टर वाचतात आणि गोळी बदलतात. न सांगितलेल्या त्रासावर औषध मिळत नाही.

रेडिएशन चालू असताना रोजचं काम एकच: लघवीची पिशवी भरलेली आणि शौचाची जागा रिकामी. पिशवी भरलेली असली की ती आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. साधारणपणे आधी लघवी करून मग अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायला सांगतात. आकडा आणि वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, सिस्टर सांगतील तेच धरा. त्या दिवसांत हरभरा, चवळी, कोबी, मुळा कमी करा, कारण गॅसमुळे आतली जागा हलते. पोट ढिलं झालं की मऊ भात, ताक, केळं. लघवीला जळजळ, सारखी घाई, दुपारनंतर गळून जाणं हे बहुतेकांना होतं आणि कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. शौचातून रक्त मात्र कधीकधी महिन्यांनी, वर्षांनीही दिसतं. ते मूळव्याध समजून गावठी औषध घेत बसू नका. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे दुर्बिणीची तपासणी करायची वेळ आली, तर आधी सांगा की तिथं रेडिएशन झालंय. त्या भागातला तुकडा तपासायला काढला तर जखम भरायला अवघड जाते.

आता लघवी गळण्याचं. ऑपरेशननंतर कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, साधारण आठवडा-दोन आठवडे राहतो. त्याला जोडलेली प्लास्टिकची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची, झोपतानाही. नळी निघाली की गळती सुरू होते आणि माणूस घाबरतो. बहुतेकांची गळती काही महिन्यांत बरीच कमी होते, पण त्यासाठी खालच्या स्नायूंचा व्यायाम करावा लागतो. स्नायू असा ओळखा: चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो ते आवळा आणि त्याच वेळी लिंग आत ओढून घेतल्यासारखं करा. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास चालू. दहापर्यंत मोजत धरा, तेवढंच सोडा, असं दहा वेळा. सकाळ, दुपार, रात्र. सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमतं, चालेल. ऑपरेशनला अवकाश असेल तर आधीपासूनच सुरू करा. कॅथेटर आत असताना करू नका, आणि लघवीची धार मधेच अडवून सराव करायची सवयही लावून घेऊ नका.

हा स्नायू कधी आवळायचा हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं. खोकला येण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, पिशवी उचलण्याआधी, गाडीच्या पायरीवरून उतरण्याआधी. आणि अचानक घाई लागली तर पळू नका. पळालात की वाटेतच होतं. जागेवर उभे राहा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, घाई जरा ओसरली की चालत जा.

गळतं म्हणून पाणी तोडणारे खूप पाहिले. उलटं होतं: लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते आणि घाई वाढते. दिवसभरात दीड-दोन लिटर वाटून प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आवरतं घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. चहा मात्र खरंच कमी करा. मला हे सगळ्यात जड गेलं. स्टँडवरचा कटिंग सुटला म्हणजे नोकरीचा शेवटचा धागा सुटला असं वाटलं.

पॅड मेडिकलमध्ये मिळतात. धोतरात किंवा ढगळ पायजम्यात पॅड जागेवर राहत नाही. आत घट्ट चड्डी आणि वरून गडद रंगाची पँट. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात टाकायचा नाही. बाहेर पडताना दोन पॅड, एक चड्डी आणि तोंड बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. एसटीत पुढच्या दाराजवळची, मधल्या वाटेकडची सीट घ्या आणि चढतानाच कंडक्टरला हळूच सांगून ठेवा. असं आधी सांगणाऱ्या माणसासाठी आम्ही गाडी थांबवतो. अडचण होते ती घाटात, अगदी शेवटच्या क्षणी सांगणाऱ्यांची. रेल्वेनं उपचाराला किंवा तपासणीला जात असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते. ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हॉस्पिटलातून घेऊन ठेवा. वर्षभर व्यायाम करूनही पॅड सुटत नसतील तर युरोसर्जनला विचारा. त्यावर स्लिंगचं (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवायचं) ऑपरेशन आहे, कृत्रिम झडपही बसवता येते.

हार्मोनचं इंजेक्शन शरीरातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळजवळ बंद करतं, कारण हा कॅन्सर त्यावरच पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी हे 1941 मध्ये दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शनांऐवजी अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशनही असतं. एकदाच खर्च, पण ते परत फिरवता येत नाही, म्हणून घरात बोलून मगच सही करा.

पुरुषाच्या शरीरातून हे हार्मोन गेलं की काय होतं? आधी वाफा. छातीतून उकळी चढते, मान भिजते, मग थंडी वाजते. आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "आता कळलं? मी पाच वर्षं काढली." तिचेच उपाय मला लागू पडले: सुती सदरा, उशाशी ओला पंचा, रात्री तिखट आणि गरम चहा बंद. तेवढ्यानं भागलं नाही तर त्यावर गोळ्या आहेत, मागा. छाती भरून येते, दुखते, पोट सुटतं, दंडातली ताकद जाते, साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होतात. नुसतं चालून भागत नाही, स्नायूंना ओझं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिना. दिवसाला आहारासह 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं: नाचणीची भाकरी, दूध, दही, तीळ. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, हाडांची डेक्सा तपासणी विचारा. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड देणार असतील तर दातांची कामं आधी उरका, कारण नंतर दात काढल्यावर जबडा भरून यायला त्रास होऊ शकतो.

मनाचंही सांगतो. विनाकारण रडू येतं, चिडचिड होते. त्यात इंजेक्शनचाही हात असतो, स्वभाव बिघडलेला नसतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

संबंधांचं. ऑपरेशननं नसांना धक्का बसतो म्हणून ताठरता जाते. सुधारायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. वीर्य बाहेर येत नाही, तरी सुखाची जाणीव राहू शकते. रेडिएशननंतर ताठरता हळूहळू कमी होते. हार्मोनच्या इंजेक्शनानं इच्छाच मावळते. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायची इंजेक्शनं असे उपाय आहेत. पण खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) बाळगणाऱ्यांनी नीट ऐका: या गोळ्या आणि सॉर्बिट्रेट एकत्र गेले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मित्रानं दिली म्हणून घेऊ नका. बायकोशी बोला, अंधारात का होईना. गप्प राहिलात तर तिला वाटतं आपणच नकोशा झालो.

पीएसए शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, रिपोर्ट तारखेनं लावून ठेवा. तपासणीआधी दोन दिवस सायकल नको, संबंध नको. लघवीत जंतुसंसर्ग असेल तरी आकडा चढतो. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्य हवा, 0.2 किंवा वर, तेही दोनदा आला, तर डॉक्टर पुढचा विचार करतात. रेडिएशननंतर तो सावकाश उतरतो, मधे थोडा उसळी घेऊन परत खाली येऊ शकतो. सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा 2 नं वर गेला तर आजार परतल्याचं धरतात. म्हणून एका रिपोर्टवर रात्र जागवू नका, मागचे सगळे घेऊन जा.

काढे, चूर्णं घेत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरला नाव सांगा, डबाच दाखवा.

आणि ही यादी मुलाच्या, सुनेच्या फोनमध्ये टाकून ठेवा. पाठ सतत दुखतेय आणि पायातली ताकद जातेय, मांड्यांच्या मधे बधिर झालंय, लघवी-शौचाचा ताबा सुटलाय: मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो, त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल. लघवी पूर्ण तुंबली, किंवा लघवीत रक्ताच्या गुठळ्या आल्या. थंडी वाजून ताप. एकाच पोटरीला सूज आणि दम लागणं. यातलं काहीही झालं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.