पडीक जागेवर पहिली कुदळ मारण्याआधी

पडीक जागा हाती आली की पहिल्याच रविवारी सगळ्यांचे हात शिवशिवतात. आमचेही शिवशिवत होते. राडारोड्याचे ढीग, कमरेइतकं गाजरगवत, एका कडेला घाणेरीची जाळी. सगळं साफ करू, सपाट करू, झाडं लावू, असं ठरवूनच आम्ही बारा जण कुदळ-फावडी घेऊन गेलो. खडीच्या पट्ट्यावर मी घमेलं टेकवणार, तोच एक टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावली. आहे तिथे थांबून खाली पाहिलं, तर बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी. मातकट रंग, त्यावर काळे डाग, निमुळती टोकं आत वळलेली. घरटं असं काही नव्हतंच. उथळ खळगा आणि त्यात बारीक खडे. आणखी एक पाऊल पडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

म्हणून पडीक जागेवर रान परत आणायचं कसं, हे नवा गट विचारायला आला की मी पहिल्यांदा हेच सांगते: जागा रिकामी आहे असं धरून चालू नका. चारही ऋतूंत ती पाहा. एक वही ठेवा. पाणी कुठे साचतं, ऊन कुठे टिकतं, कुठल्या फुलावर कुठलं फुलपाखरू येतं, माणसं कुठून मधली वाट काढतात, सगळं टिपा. ती मधली वाट बंद करू नका, तिलाच तुमची पायवाट करा. लोक तिथूनच जाणार आहेत.

हे वर्ष रिकामं जात नाही, कारण कागदपत्रांनाच तेवढा वेळ लागतो. जागा कुणाची, किती वर्षांसाठी, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे सगळं लेखी घ्या. आम्ही एकदा तोंडी होकारावर विसंबलो. होकार देणारा माणूस बदलला आणि आमची पन्नास रोपं भरावाखाली गाडली गेली. तिथे पूर्वी काय होतं हेही शोधा. कारखाना किंवा गॅरेज असेल तर मातीत शिसं असू शकतं, तेव्हा मुलांना तिथे खणायला बसवण्याआधी माती तपासून घ्या. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे दिसले तर फोडू नका, हलवू नका. ते काम प्रशिक्षित माणसांचं.

आता तण. इथे आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींच्या पद्धतीचा. त्यांनी १९६०च्या दशकात आपल्या भागातल्या झाडोऱ्यात ती घडवली. सुरुवात जिथे तण सर्वांत कमी आणि स्थानिक झाडं सर्वांत जास्त, तिथून करायची आणि हळूहळू वाईट भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी ढवळायची. आणि स्थानिक झाडं ज्या वेगाने परत येतील, त्यापुढे आपण धावायचं नाही. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण डोळ्यांत सलतो तो सगळ्यात घाण कोपरा. पण उघड्या पडलेल्या मातीत आधी तणच उगवतं. पुन्हा पुन्हा उपटायला जमेल तेवढीच माती उघडी करा.

गाजरगवत फुलण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही उठतो. सुबाभळीची रोपं लहान असतानाच काढा, कारण खोड तोडलं तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. घाणेरीचंही तसंच. बुंध्याभोवतीची माती उकरा, खोड आणि मूळ जुळतात त्याच्या दोन बोटं खाली मूळ तोडा, मग अख्खी जाळी उलटी करून ठेवा, म्हणजे मुळं पुन्हा मातीला टेकत नाहीत. पण जाळीत घरटं नाही ना, हे आधी पाहा, आणि सगळी घाणेरी एका हंगामात काढू नका. पाखरांना दुसरा आडोसा तयार होईपर्यंत तोच त्यांचा आडोसा आहे.

सुपीक माती आणि खत आणून टाकण्याचा मोह आवरा. खतावर धटिंगण गवतं माजतात आणि नाजूक रानफुलं दबून जातात. बर्लिनच्या झ्युडगेलेंडेमध्ये रेल्वेचं शंटिंग यार्ड १९५२ साली बंद पडलं, आणि रुळांमधल्या त्या खडीतच आपसूक रान उभं राहिलं. नागरिकांनी ते वाचवण्यासाठी लढा दिला आणि २००० साली ते उद्यान म्हणून खुलं झालं. तिथे आतल्या भागात लोखंडी पायवाट जमिनीपासून उचलून नेली आहे, म्हणजे खालच्या झाडोऱ्यावर पाय पडत नाही.

तळं करणार असाल तर एक काठ अगदी उथळ, उतरता ठेवा. पडलेला प्राणी बाहेर येऊ शकतो, पाखरांना अंघोळ करता येते. पावसाच्या पाण्याने भरा. मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लं खातात. चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्यांना खातात, फक्त चतुरांना यायला वेळ द्या. वाळलेली लाकडं आणि पालापाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात रचून ठेवा.

रस्त्याकडची हातभर पट्टी मात्र नेमाने कापा. आतलं रान कितीही वाढू दे, कड नीट दिसली की इथे कुणीतरी लक्ष देतंय हे लोकांना कळतं. ही कड राखायला लागल्यापासून आमच्याकडे रात्री कचरा टाकणं खूप कमी झालं. श्रमदानाचा दिवस आणि वेळ ठरलेली असू द्या, दोन तासांपेक्षा जास्त नको. चार तास राबवलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही.

खडीच्या पट्ट्यावर आम्ही आजही काही लावलेलं नाही. उन्हाळा लागला की त्याच्याभोवती रुंद घेरात दोरी बांधतो. अंड्यांजवळ खूण ठेवत नाही, नाहीतर कावळ्यांचं लक्ष जातं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईबापांमागे चालायला लागतात. ती पट्ट्यावरून गेली, की दोरी सोडून ठेवतो.