क्रूगरांचं घर ओसरीवरून पाहा, फुटपाथवरूनही

दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना एकोणिसाव्या शतकातले इथले राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या घरी नेतेच. ट्रान्सवाल प्रांतातल्या बोअरांच्या, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या, प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष कोणाचा होता आणि कोणाचा नव्हता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. फक्त क्रम चुकवू नका.

सुरुवात चर्च स्क्वेअरवरच्या जुन्या राडसालपासून करा. इथे व्होल्क्सराड, म्हणजे तिथली लोकसभा भरायची. राष्ट्राध्यक्ष सभागृहात येऊन बोलत, कायदे मांडत; मताचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. त्यांना मतदार थेट निवडत, पाच वर्षांसाठी. क्रूगर 1883 पासून चारदा निवडून आले. 1893 ला पीट जूबर्ट यांनी त्यांना घाम फोडला. त्या अटीतटीच्या निवडणुकीत एकूण मतं पडली पंधरा हजारांच्या आत. हा आकडा लक्षात ठेवून पश्चिमेकडे निघा.

घर बैठं, रस्त्याला लागून. दारातले दगडी सिंह खाणमालक बार्नी बार्नाटोने दिलेले. सगळे फोटो तिथेच काढतात. तुम्ही आधी ओसरीपाशी थांबा. सकाळी क्रूगर इथे पाइप ओढत बसायचे. कोणीही बोअर शेतकरी गाऱ्हाणं घेऊन यायचा, त्याला कॉफी मिळायची. या कॉफीसाठी राष्ट्राध्यक्षांना वर्षाला 300 पौंडांचा वेगळा भत्ता होता! राज्यप्रमुख इतका हाताशी असणं मला खरोखर मोठं वाटतं.

आणि म्हणूनच आता फुटपाथवर उतरा. हे अजिबात टाळू नका. व्यापारी दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी 1893 ला इथे आलेले तरुण बॅरिस्टर गांधी रोज याच घरावरून फिरायला जात. एके दिवशी पहाऱ्यावरच्या शिपायाने, बाजूला हो असंही न म्हणता, त्यांना ढकलून, लाथ मारून रस्त्यावर उतरवलं. गोऱ्या-काळ्यांत चर्चमध्ये वा राज्यात समानता नको, असं 1858 च्या राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. मतदार इतके थोडे का, ते इथे उमगतं.

मग आत जा. क्रूगरांचा रेल्वेचा डबा चुकवू नका. बोअर युद्धात, मे 1900 मध्ये इंग्रज फौज जवळ आल्यावर त्यांनी प्रिटोरिया सोडलं; आजारी पत्नी गेझिना मागे राहिल्या आणि 1901 साली याच घरात वारल्या. क्रूगर 1904 ला स्वित्झर्लंडमध्ये वारले. दोघांच्या कबरी याच रस्त्यावर पुढे, जुन्या दफनभूमीत आहेत. तिथे चालत जाऊ नका, टॅक्सी करा.