संहितेशिवाय नाटक उभं करताना या चुका टाळा

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की तालमीच्या हॉलमध्ये हमखास दिसणारं चित्र म्हणजे दहा-बारा मुलं गोल करून बसली आहेत आणि दीड तास चर्चा चालू आहे. ‘शहरातल्या एकटेपणावर करू’, ‘शेवटी सगळे कोसळतात असं घेऊ’. शरीरातून नाटक शोधायला जमलेल्या मंडळींपैकी एकही जण अजून उठलेला नसतो. पुढच्या बऱ्याच चुका या बसण्यातूनच निघतात.

‘एकटेपण’ शरीराला करता येत नाही. त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. जमिनीवर खडूने ३ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा आणि त्यात ७ जणांना उभं करा. नियम तीनच. रेषेबाहेर पाऊल टाकायचं नाही, बोलायचं नाही, आणि १२ मिनिटांत प्रत्येकाने एकदा तरी या टोकापासून त्या टोकाला पोचायचं. ‘लोकलची गर्दी दाखवा’ असं चुकूनही सांगू नका. सांगितलंत की सगळ्यांचे हात हवेतल्या कड्या धरायला वर जातात आणि धडं डोलू लागतात. काही न सांगता सोडलं, तर पहिली तीन-चार मिनिटं हसण्यात जातात. मग कोणाचा खांदा कोणाच्या तरी छातीत अडकतो, एखादा पोट आत ओढून वाट देतो, दुसरा देत नाही. नाटक तिथे सुरू होतं. आणि नेमकं त्याच्या आधी, चौथ्या मिनिटाला, दिग्दर्शक टाळी वाजवून थांबवतो, कारण त्याच्या मते ‘काही घडत नाहीये’. घड्याळ लावा आणि ते वाजेपर्यंत गप्प राहा.

सापडलेलं हरवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. एका गटाला याच खेळात एक विलक्षण क्षण सापडला होता. गर्दीतली एक मुलगी मागे मागे सरकत गेली, तिचा तोल गेला, आणि तिच्याकडे पाठ असलेल्या चौघांनी वळून न पाहता तिला पाठींवर तोलून धरलं. टाळ्या पडल्या. मोबाइलवर चित्रीकरण झालेलंच होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ बघून तोच तुकडा बसवायला घेतला. चौघं अचूक जागी उभे राहायचे, ती अचूक क्षणी पडायची, आणि आठवडाभर त्यात जीव येत नव्हता.

व्हिडिओत आकार होता, कारण नव्हतं. त्या दिवशी कोणाचं तरी कोपर बरगडीला लागलं म्हणून ती श्वास रोखून मागे सरकली होती. आणि ती पडतेय हे चौघांना कळलं होतं ते पायाखालच्या लाकडी फळ्या करकरल्या म्हणून. नंतरच्या तालमी फरशीवर होत्या. कोपरही गेलं, आवाजही गेला. हे उलगडल्यावर कोपराचा धक्का परत आणला, पडण्याआधी तिने टाच आपटायची असं ठरलं, आणि प्रवेश उभा राहिला.

म्हणून १२ मिनिटं संपली की चर्चा नको, कौतुकही नको. पाच मिनिटांच्या आत तेच पुन्हा करा. त्यानंतर प्रत्येकाने वहीत तीन गोष्टी लिहायच्या: मला कशाने हलवलं, वजन कुठे होतं, श्वास कुठे बदलला. भावना लिहू नका. ‘घुसमटल्यासारखं झालं’ यावरून उद्या काहीही परत उभं करता येत नाही, ‘डावी टाच उचलली आणि श्वास अडला’ यावरून येतं. व्हिडिओ काढायचाच तर बाजूने काढा आणि वही लिहून झाल्यावरच पाहा. प्रत्येक तुकड्याला क्रियापदाचं नाव देऊन कार्डावर लिहा: ढकलते, टेकतो, वाट अडवतात. वीस कार्डांतली सहा टिकली तरी पुष्कळ झालं.

उचलण्याची घाई

दुसऱ्याच तालमीत कोणीतरी कोणाला खांद्यावर घेतं. आधी निदान दोन आठवडे वजन देणं-घेणं करा: पाठीला पाठ लावून बसणं-उठणं, मनगट धरून मागे झुकणं, मग ओणव्या माणसाच्या कमरेवर आडवं होणं. पाठीच्या कण्याच्या मधोमध वजन देऊ नये, ते माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर द्यावं. उचलणाऱ्याने गुडघे वाकवून, ओझं ओटीपोटाजवळ ठेवून पायांच्या जोरावर उठायचं. वर जाणाऱ्याने स्वतः उडी मारायची आणि अंग सैल सोडायचं नाही. खाली कसं यायचं ते आधी बसवा, वर जाणं नंतर. दोन्ही बाजूंना सावरणारे दोघं हवेतच. ‘खाली’ हा शब्द कोणीही उच्चारला की त्याच क्षणी उतरवायचं, कारण नंतर विचारायचं. घड्याळं, अंगठ्या, कडी काढून ठेवा, आणि तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात, अंग थकलेलं असताना, कोणालाही उचलू नका. इथे आडवाट शोधणाऱ्याच्या हाती गट देऊ नये.

ताणाबद्दलही थोडं. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला नाट्यशाळा काढली. शरीरातल्या ताणाच्या सात पायऱ्या त्यांच्या शिकवणीमुळे जगभर पोचल्या: पार गळून गेलेल्या देहापासून दगडासारख्या ताठरलेल्या देहापर्यंत. नवे गट पहिल्या मिनिटापासून सहाव्या पायरीवर उभे असतात: मुठी वळलेल्या, मानेच्या शिरा ताणलेल्या. मग शेवटी चढायला जागाच उरत नाही. सुरुवात तिसरीवर करा, म्हणजे कामापुरताच जोर.

समूहाची भिंत, झाड, दार करायचं असेल तर १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची रांग आठवा. ती पडदा होते, भिंत होते, आणि तीच माणसंही असते. नुसता आकार करून थिजलेली भिंत ५ सेकंदांत शिळी होते.

बाकीचं थोडक्यात. संगीत पहिले दहा दिवस नको, नाहीतर सगळे ठेक्यावर हलतात आणि एकमेकांचं ऐकणं थांबतं. आरशासमोर तालीम नको. मोजे घालून तर नकोच. स्लो मोशन प्रयोगात एकदाच. आणि सगळे प्रेक्षकांकडेच तोंड करून हलू लागले, तर बघणाऱ्यांना चारही बाजूंनी बसवून एक तालीम घ्या.