टायटल आहे, तरी ऑनलाइन ब्लिट्झमध्ये रेटिंग हलत नाही? या चुका टाळा

फिडे रेटिंग 2400 च्या पुढे, आयएम म्हणजे इंटरनॅशनल मास्टर झालेला, क्लासिकलमध्ये (जास्त वेळाच्या गेममध्ये) ग्रँडमास्टरांना घाम फोडणारा खेळाडू, आणि तोच ऑनलाइन 3+1 मध्ये (तीन मिनिटं आणि दर चालीला एक सेकंद जादा) आपल्यापेक्षा दीडशे-दोनशेने कमी असलेल्यांकडून सारखा हरतो. मग तो काय करतो तर अजून ओपनिंगच्या फाइल्स उघडतो, अजून अवघड टॅक्टिक्स सोडवतो, आणि दोन महिन्यांनी बघावं तर रेटिंग तिथल्या तिथे. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत चालू असते पण चुकीच्या जागी. या लेव्हलला बुद्धिबळ पुरेसं येत असतं, वेळ कुठे जातोय ते बघायची सवय मात्र नसते.

अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नरोडित्स्कीचं उदाहरण घ्या. क्लासिकलमध्ये तो 2600 च्या आसपास, म्हणजे जगातल्या पहिल्या दोनशेत, पण ब्लिट्झच्या यादीत पहिल्या पंचविसात. ऑक्टोबर 2025 मध्ये तो गेला, अवघा 29 वर्षांचा होता, आणि त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेची नॅशनल ब्लिट्झ स्पर्धा त्याने 14 पैकी 14 पॉइंट घेऊन जिंकली होती. फास्ट चेस ही वेगळी शिकायची गोष्ट आहे हे त्याच्याकडे बघून पटतं. आणि वयाचं कारण देणाऱ्यांसाठी, आनंदने डिसेंबर 2017 मध्ये रियाधला वर्ल्ड रॅपिड जिंकली, ब्लिट्झमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा तो 48 चा होता.

सगळ्यात मोठी चूक: हरलेला गेम फक्त इंजिनने बघणं

गेम संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) ऑन, 27व्या चालीला ब्लंडर, लाल खूण, "अरे हे तर दिसायला हवं होतं" आणि पुढचा गेम सुरू. पण 27व्या चालीला तुमच्याकडे 9 सेकंद होते म्हणून ते दिसलं नाही, आणि 9 सेकंद का होते तर 11व्या चालीला तुम्ही 40 सेकंद घालवले म्हणून. ही 11वी चाल इंजिन लाल करून दाखवणारच नाही, कारण चाल चांगलीच होती.

साइट चेसडॉटकॉम असो की लिचेस, डाउनलोड केलेल्या पीजीएनमध्ये (गेमच्या फाइलमध्ये) प्रत्येक चालीपुढे घड्याळ असतं, ते बघा. एका सेशनचे हरलेले गेम घ्या आणि प्रत्येकात सर्वात जास्त वेळ घेतलेल्या दोन चाली शोधा, मग त्या जागी इंजिनच्या पहिल्या तीन चाली बघा. तिन्हींत 0.3 प्याद्याचाही फरक नसेल तर तो वेळ वाया गेला, मग तुम्ही त्यातली सर्वात भारी चाल खेळला असाल तरी. टायटल्ड लोकांचे गेम बघताना मला हे दोन ठिकाणी सारखं दिसतं. एक म्हणजे समोरच्याने आठव्या-नवव्या चालीला काहीतरी विचित्र साइडलाइन खेळली की आपल्याला वाटतं याला आत्ताच शिक्षा केली पाहिजे, आणि आपण क्लासिकलसारखं रेफ्युटेशन शोधत बसतो. दुसरं म्हणजे दोन्ही चाली चांगल्या असतात आणि यातली कुठली यावर पंधरा-वीस सेकंद जातात. क्लासिकलमध्ये ह्याच सवयींनी तुम्हाला टायटल मिळवून दिलं म्हणून त्या सुटत नाहीत, पण इथे हिशोब वेगळा आहे. 3+1 मध्ये 40 चालींचा गेम धरला तर एकूण 220 सेकंद, म्हणजे चालीला साडेपाच. त्यातले 40 एकाच चालीवर घातले की बाकीच्या 39 चालींना प्रत्येकी साडेचारच्या जवळपास उरतात, आणि त्यात सगळी टॅक्टिक्स, सगळा एंडगेम.

मग विचार करायचाच नाही का? करायचा, पण जिथे चाल परत घेता येत नाही तिथे. प्याद्यांची रचना कायमची बदलणार असेल, वजिरांची अदलाबदल होणार असेल, सॅक्रिफाइस असेल, तिथे वीस सेकंद द्या, बिनधास्त द्या. हत्ती डी1 ला की ई1 ला, यावर तीन सेकंदांत हात चाललाच पाहिजे.

अजून एक, समोरच्याच्या वेळेत तुम्ही काय करता? निम्मा गेम तोच वेळ असतो आणि त्यात लोक चॅट वाचतात, दुसऱ्या टॅबमध्ये स्टँडिंग्ज बघतात. बोर्डवरून नजर हलवू नका, फुकट मिळालेला विचाराचा वेळ आहे तो.

3+0 ची प्रॅक्टिस करून 3+1 ची स्पर्धा खेळणं

टायटल्ड ट्यूसडे, म्हणजे चेसडॉटकॉमवरची टायटल असलेल्यांची स्पर्धा, वर्षानुवर्षं 3+1 चे 11 राउंड अशी खेळली गेली, वर्ल्ड ब्लिट्झ 3+2 ला असते, आणि लोक रोज रात्री खेळतात मात्र 3+0 किंवा 1+0. इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारे जादा सेकंद) नसेल तर शेवटी हत्तीने उगाच चेक देत बसून फ्लॅग पाडता येतो, म्हणजे समोरच्याचा वेळ संपवता येतो. 3+1 मध्ये समोरच्याला पोझिशन समजली असेल तर तो प्रत्येक चालीला सेकंद परत मिळवत राहतो आणि तुमच्या फ्लॅगिंगचा काही उपयोग होत नाही, तिथे टेक्निकच लागतं. 3+0 च्या सवयीने लोक बरोबरीच्या एंडगेममध्ये वाट्टेल तशा झटपट चाली करतात आणि प्यादं घालवून बसतात. जी स्पर्धा खेळायची आहे त्याच टाइम कंट्रोलला सराव करा, बुलेट फार तर वॉर्मअपला.

प्रीमूव्ह: हावरटपणा आणि भीती, दोन्ही महागात

प्रीमूव्ह म्हणजे समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवणं. आधी साइटचा फरक. चेसडॉटकॉमवर एका प्रीमूव्हला 0.1 सेकंद जातो आणि एकापाठोपाठ अनेक प्रीमूव्ह लावता येतात, लिचेसवर वेळ अजिबात जात नाही पण एका वेळी एकच लावता येतो. दोन्हीकडे खेळणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात ठेवूनच बसायचं.

ओपनिंगमध्ये डोळे मिटून प्रीमूव्ह करणं टायटल असलेले लोक पण करतात. 1.डी4 जी6 2.उंट एच6, बस, काळ्याने उंट जी7 प्रीमूव्ह केलेला असला की 3.उंट घे जी7 आणि कोपऱ्यातला हत्ती पण गेल्यात जमा. प्रीमूव्ह नसता तर पांढऱ्याचा उंट फुकट मिळाला असता. तसंच 1.बी3 जी6 2.उंट बी2, इथेही उंट जी7 आधीच लावून ठेवला असेल तर तेच होतं. पहिल्या चार चालींत प्रीमूव्हने वाचून वाचून एखाद-दोन सेकंद वाचतात, त्यासाठी अख्खा गेम पणाला लावू नका.

उलट बाजूला काही लोक प्रीमूव्ह करतच नाहीत, तेही चूक. सगळ्यात सुरक्षित प्रकार म्हणजे प्याद्याने परत मारणं. तिरकं मारायची प्याद्याची चाल समोरच्याचं काहीतरी त्या घरात आलं तरच लागू होते, नाहीतर प्रीमूव्ह रद्द होतो आणि तुमचं काही बिघडत नाही. समोरचा सी3 वरचा घोडा मारेल असं वाटतंय, मग बी घे सी3 लावून ठेवा. हत्तीने किंवा वजिराने रिकाम्या घरात मारायचा प्रीमूव्ह मात्र धोक्याचा, कारण समोरचं मोहरं तिथे आलंच नाही किंवा वेगळंच आलं तरी तुमचा वजीर तिथे जाऊन बसतो.

साइटचे नियम माहीत नसणं

ह्याने गेलेले अर्धे पॉइंट बघून फार चिडचिड होते, कारण यात बुद्धिबळाचा प्रश्नच नाही. इन्क्रिमेंट असताना वेळ वाढवायला आपण चाली रिपीट करतो, बरोबर? चेसडॉटकॉमवर तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की गेम आपोआप ड्रॉ, कोणी क्लेम करायची गरज नाही. लिचेसवर ते क्लेमवर आणि सेटिंगवर अवलंबून असतं. म्हणजे जिंकत असाल तर दोनदा रिपीट करून सेकंद मिळवा आणि तिसऱ्याच्या आधी रस्ता बदला.

फ्लॅग पडतानाचा नियमही वेगळा. तुमच्याकडे राजा आणि एकच घोडा उरलाय, समोरच्याकडे प्यादं आहे आणि त्याचा वेळ संपला. लिचेसवर मात थिअरीत शक्य आहे म्हणून तुम्ही जिंकता, चेसडॉटकॉमवर ड्रॉ. शेवटच्या पाच सेकंदांत एखादं प्यादं वाचवायचं की मोहरा, हा निर्णय यावर बदलू शकतो. आणि ऑटो-क्वीन (प्याद्याचा आपोआप वजीर होणं) ऑन असेल तर स्टेलमेट होणाऱ्या पोझिशनमध्ये हत्ती कसा मागायचा हे आधीच करून बघा, दोन सेकंद असताना शोधायची ती गोष्ट नाही.

ओपनिंग

क्लासिकलचं रेपर्टवार (ठरलेल्या ओपनिंगचा संच) जसंच्या तसं आणू नका. नायडॉर्फ तुम्हाला पंचवीस चालींपर्यंत पाठ असेल, पण एका चालीचा क्रम विसरलात की ऑनलाइन आठवायला वेळ नाही. ब्लिट्झसाठी अशी ओपनिंग घ्या की ज्यात समोरच्याने काहीही केलं तरी पुढच्या पाच-सहा चाली तुमच्या हाताला माहीत असतील. अलापिन, कॅरो-कान, लंडन, 1.बी3 हे सगळं चालतं, कंटाळवाणं म्हणून नाकं मुरडू नका. फक्त सापळ्यांवर जगू नका, टायटल्ड गर्दीत तुमचं हँडल सगळ्यांना माहीत असतं आणि गेल्या आठवड्याचा गेम कोणीही उघडून बघू शकतं.

जिंकलेली पोझिशन सोडून देणं

ओटीबीमध्ये (समोरासमोर बोर्डवर) +4, म्हणजे इंजिनच्या हिशोबाने चार प्याद्यांची आघाडी झाली, की समोरचा आयएम रिझाइन करतो, ऑनलाइन कोणी करत नाही आणि करूही नये. तुम्ही जिंकताय म्हणजे अजून तीस चाली आहेत असं समजा. दोन पर्याय असतील, एकात +6 पण तुमचा राजा उघडा आणि दुसऱ्यात +3 पण वजीर बोर्डाबाहेर, तर दुसरा घ्या, कायम. इंजिन नावं ठेवेल, ठेवू दे. आणि हरत असाल तर उगाच चेक संपवू नका, समोरच्याला प्रत्येक चालीला निवड करायला लागेल अशी चाल शोधा, कारण त्याचे सेकंद निवडीतच जातात.

टिल्ट (हरल्यावर डोकं फिरणं), रात्र आणि संशय

टायटल्ड ट्यूसडेच्या दोन एडिशन्स होत्या तेव्हा आपल्याकडे पहिली रात्री साडेआठ-साडेनऊला आणि दुसरी रात्री अडीच-साडेतीनला सुरू व्हायची. पुण्या-नागपुरातली पोरं पहिली वाईट गेली म्हणून दुसरीला जागत बसायची, आणि पहाटे झोपेच्या धुंदीत अजून वाईट. असं भरून काढायला कधीच खेळू नका. सलग तीन हार झाल्या की उठायचं, हा नियम सेशन सुरू व्हायच्या आधी ठरवा, कारण तीन हरल्यावर डोकं नियम बनवण्याच्या स्थितीत नसतं.

एलोच्या, म्हणजे रेटिंगच्या, गणितात 200 ने कमी असलेल्याशी तुमची अपेक्षा 100 गेममध्ये 76 पॉइंटची आहे. म्हणजे चोवीस पॉइंट जाणारच आहेत, तुम्ही उत्तम खेळलात तरी. हे मान्य केलं नाही की दर हारीनंतर समोरचा चीटर वाटायला लागतो. शंका असेल तर रिपोर्ट करा आणि विषय सोडा, ते बघायचं काम साइटचं. तो चीटर होता असं ठरवून टाकलं की त्या गेममधून शिकणं बंद होतं.

माउस, नेट हे पटकन सांगतो. वायरचा माउस, शक्य असेल तर वायफायऐवजी केबल, अ‍ॅनिमेशन बंद किंवा सर्वात फास्ट, बोर्डचा साइज एकदा ठरवला की बदलायचा नाही, आणि प्राइझच्या स्पर्धेत फोनवर खेळायचं नाही.

सराव कसला करायचा

हे सगळं फक्त ऑनलाइन पॉइंटसाठी नाहीये. 2025 ला जॉर्जियातल्या बाटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला वर्ल्ड कपची फायनल कोनेरू हंपीविरुद्ध जिंकली ती रॅपिड टायब्रेकमध्येच, क्लासिकलचे दोन्ही गेम ड्रॉ होते, आणि त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. मोठे निकाल कमी वेळाच्या गेमवर ठरतात, म्हणून कमी वेळात टेक्निक चाललं पाहिजे.

रोज अर्धा तास पुरे. लिचेसवर पोझिशन सेट करा, घड्याळ कमी ठेवा, समोर स्टॉकफिश इंजिन. राजा-हत्तीची मात जास्तीत जास्त 16 चालींची आहे, ती प्रीमूव्हसकट दहा-पंधरा सेकंदांत यायला हवी. मग हत्तीच्या एंडगेममधल्या फिलिडोर, लुसेना, व्हँकुरा या पोझिशन दोन्ही बाजूंनी, मग वजीर विरुद्ध हत्ती. उंट-घोड्याची मात 33 चालींपर्यंत जाते, ती एका मिनिटात एक सेकंद इन्क्रिमेंटने जमेपर्यंत करा. हे हातात बसलं की मग हत्ती-उंट विरुद्ध हत्तीचा बचाव घ्या, तो ब्लिट्झमध्ये भल्याभल्यांना जमत नाही आणि तिथे अर्धा पॉइंट सहज वाचतो.