घरच्यांसोबत राहून कमी पैशात हेल्दी खाणं, शेवटी जमलं
20 तारखेलाच माझे खाण्याचे पैसे संपायचे आणि फ्रीजमधे पालेभाजी सडलेली असायची. वेगळा स्वयंपाक करून पाहिला, डाएटची महागडी पाकिटं आणली, ती घरच्यांनीच दोन दिवसांत संपवली. फार वैताग आला होता. मग हे केलं: आधी फ्रीज उघडून काय उरलंय ते लिहायचं, मगच यादी. रात्री 2 वाट्या कडधान्य भिजत घालायचं, 8 तासांत फुगून साधारण दुप्पट होतं, ते पाणी टाकून नव्या पाण्यात मऊ शिजवायचं, निम्मं गार करून लगेच फ्रीजरला, बाकीचं फ्रीजमधे ठेवून 3 दिवसांत संपवायचं. भाजी सगळ्यांची एकाच पातेल्यात, फक्त वरून तेल-मीठ घालायच्या आधी माझा वाटा काढायचा (आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिला वाईट वाटतं). अर्धं ताट भाजी, पाव कडधान्य, पाव धान्य. आता पैसे महिनाअखेरपर्यंत पुरतात.